दीडपर्यंत डोळा लागत नाही, तीनला जाग येते: नागपूरच्या उन्हाळ्यातली झोप

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं वय 48, शाळेत शिक्षिका आहेत, गोपालनगरात स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपासून रात्री साडेदहाला अंथरुणावर पडतात, पण एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही. लागला तर तीन-साडेतीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत नुसती कूस बदलणं. उन्हाळ्यात हे सगळं वाढतं. हातातलं घड्याळ रोज सकाळी 'डीप स्लीप 40 मिनिटं' दाखवतं, ते पाहून धास्ती बसते. ओळखीच्या मेडिकलमधून झोपेची गोळी, म्हणजे अल्प्राझोलाम, आणून आठवड्यातून तीन-चारदा घेतात. फिरायला जाणं सुटलं, वजन वाढलं. यजमान बुटीबोरीला शिफ्टमध्ये काम करतात आणि जोरात घोरतात. किती तास झोप हवी, काय खावं, गोळी चालू ठेवावी का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी नागपुरातच फिजिशियन म्हणून काम करतो. होळी झाली की ओपीडीत हे वाक्य रोज कानावर पडतं: "डॉक्टर, झोपच नाही येऊन राहिली." त्यामुळे उत्तर लांबलं तरी नीट देतो.

तुम्ही झोपायची वेळ लिहिली, डोळा लागायची लिहिली, जाग येण्याचीही लिहिली. अंथरुणातून उठायची वेळ मात्र लिहिली नाही. ती सहसा कुणीच सांगत नाही, आणि माझ्या लेखी उपचार तिथूनच सुरू होतो. किती वाजता झोप लागावी हे आपल्या हातात नसतं. किती वाजता उठायचं हे असतं, आणि दुसऱ्या दिवशीची झोप बरीचशी त्यावरच ठरते.

त्याचं कारण असं. झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेची भूक. जागं असताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. जितका वेळ तुम्ही जाग्या, तितकं ते जास्त, आणि तितकी झोप अनावर. दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका दिवस-रात्रीचं वेळापत्रक सांभाळतो आणि त्याला वेळ मिळवून देतो तो सकाळचा उजेड. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता तुमच्या घरातलं चित्र बघा, तुम्ही लिहिलं नसलं तरी माझा अंदाज असा आहे. मे महिना, शाळेला सुट्टी. विदर्भातल्या शाळा तर बाकी महाराष्ट्रानंतर, जून संपता संपता उघडतात. रात्री झोप झाली नाही म्हणून तुम्ही सकाळी सात-साडेसातपर्यंत पडून राहता. दुपारी कूलर लावून तास-दीड तास डोळा लागतो. म्हणजे झोपेची भूक दुपारीच अर्धी भागली, आणि घड्याळाला सकाळचा उजेड मिळाला तो दोन तास उशिरा. मग साडेदहाला आडवं होऊन झोप येणार कुठून? शरीराच्या हिशेबानं तेव्हा झोपेची वेळ झालेलीच नसते.

म्हणून पहिलं काम: उठायची वेळ ठरवा. मी पहाटे साडेपाच सुचवीन, कारण मेमध्ये नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो आणि बाहेर पडता येण्याजोगी हवा तेवढीच असते. रात्री किती झोप झाली याच्याशी या वेळेचा संबंध ठेवायचा नाही. तीन तास झाली तरी साडेपाच, रविवार असला तरी साडेपाच. उठल्यावर वीस-तीस मिनिटं उघड्यावर घालवा, गच्चीवर, अंगणात, कुठेही. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

दुसरं काम ऐकून तुम्हाला धक्का बसेल: अंथरुणातला वेळ कमी करा. साडेदहा ते सात म्हणजे साडेआठ तास तुम्ही पलंगावर असता आणि सगळे तुकडे धरून प्रत्यक्ष झोपता फार तर पाच तास. उरलेले साडेतीन तास मेंदू एकच गोष्ट शिकत असतो, की पलंग ही जागून काळजी करण्याची जागा आहे. कितीतरी जण मला सांगतात, "सोफ्यावर टीव्ही बघता बघता पेंगतो आणि पलंगावर गेलो की टक्क जागा." त्यांच्या मेंदूनं हेच शिकून घेतलेलं असतं. हे मोडायची पद्धत जुनी आणि तपासलेली आहे. 1972 मध्ये रिचर्ड बूट्झिन यांनी तिचा एक भाग मांडला, 1987 मध्ये आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी दुसरा, आणि 2016 पासून अमेरिकेतल्या फिजिशियनांची संघटना जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच वर्तनोपचार पद्धत वापरा असं सांगते आहे.

ती तुम्हाला अशी लागू करता येईल. आधी एक आठवडा साध्या वहीत नोंद ठेवा: किती वाजता पडले, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागी होते, कधी उठले. सरासरी पाच तास झोप निघाली, तर अंथरुणाला साडेपाच तास द्यायचे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच. बाराच्या आधी डोळे मिटत असले तरी पलंगावर जायचं नाही. बारानंतरही वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून बैठकीत यायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, कपड्यांच्या घड्या घाला, जुना अंक चाळा, आणि पेंग आली की परत जायचं. वीस मिनिटं मोजायला घड्याळ बघू नका. भिंतीवरचं घड्याळ आणि मोबाइल दोन्ही खोलीबाहेर. तीनला जाग आली तरी हाच नियम. दुपारची झोप या काळात पूर्ण बंद, किंवा अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आधी वीस मिनिटं, गजर लावून.

पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात. हे आधीच सांगतो, कारण बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या दिवशी सोडून देतात. दिवसा डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. या दिवसांत स्कूटी चालवायची असेल तर जपून, आणि पेंग येत असेल तर चालवूच नका. हे सुट्टीत सुरू करा असं म्हणायचं कारण तेच. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून बारा वाजता पडल्यावर लवकर झोप लागायला लागते आणि मधली जाग कमी होते. अंथरुणातल्या वेळेपैकी 85 ते 90 टक्के वेळ झोपेत जायला लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची: पावणेबारा, मग साडेअकरा. असं करत सात तासांपर्यंत यायचं. साडेपाच तासांच्या खाली मात्र स्वतःच्या मनानं जाऊ नका. फिट येण्याचा आजार असेल, किंवा कधी उन्माद-नैराश्याच्या आजारावर उपचार झाले असतील, तर हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचा नाही.

किती तास झोप हवी, याचं उत्तर याच ओघात देऊन टाकतो. प्रौढ माणसाला सात तास किंवा त्याहून थोडी जास्त. कुणाचं पावणेसातात भागतं, कुणाला आठ लागतात. दिवसा वर्गात उभं राहून शिकवताना पेंग येत नसेल, दुपारचा थोडा जडपणा सोडला तर डोकं चालत असेल, तर तुमची झोप पुरते.

आता उन्हाळा. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण झोपेवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतून येतात आणि आपल्या गच्चीखालच्या खोलीत ते लागू पडत नाहीत.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान खाली येतं, रात्रभरात साधारण एक अंशाच्या आसपास. ती उष्णता बाहेर टाकायची वाट म्हणजे हाता-पायांची कातडी. झोपेआधी तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त कातडीपाशी येतं आणि उष्णता हवेत जाते. तुम्हाला रात्री तळपाय गरम लागतात ते त्यामुळेच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आतली उष्णता बाहेर पडते आहे. पण ती जायला बाहेरची हवा कातडीपेक्षा थंड हवी. मेमध्ये नागपूरचं कमाल तापमान सरासरी 42-43 अंशांच्या घरात आणि किमान 28 च्या आसपास असतं, आणि हे किमान पहाटेचं, बाहेरचं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकराला 35-36 सहज असतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य बुडाल्यावर तापल्या तव्यासारखा आतल्या बाजूला उष्णता सोडत बसतो. त्याची आतली बाजू सर्वात गरम असते ती संध्याकाळपासून रात्रीपर्यंत. शिवाय स्वप्नांच्या झोपेत शरीराचं घाम सोडण्यावरचं नियंत्रण ढिलं पडतं, आणि ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. खोली गरम असेल तर नेमकी तीच झोप मोडते. तुमच्या तीन वाजताच्या जागेमागे हे एक कारण मला दिसतं.

दुसरं कारण कदाचित कूलरमध्ये आहे. रात्री दहाला टाकी भरली असेल तर ती किती वाजता रिकामी होते, ते एकदा बघा. पुष्कळ घरांत ती अडीच-तीनला संपते, ताट्या कोरड्या पडतात, पंखा फिरत राहतो आणि खोलीत बाहेरची कोरडी हवा येते. माणूस तीनला जागा होतो आणि त्याला वाटतं निद्रानाश झाला. टाकीला फ्लोटचा नळ बसवा, नाहीतर झोपताना पुन्हा काठोकाठ भरा. तेवढ्यानं पहाटेची जाग गेल्याचं सांगणारे पेशंट मला भेटले आहेत.

कूलरबद्दल आणखी दोन गोष्टी. त्याची हवा जितकी आत येते तितकी बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी किंवा दार निदान वीतभर उघडं ठेवा, नाहीतर खोली दमट होते, घाम सुकत नाही आणि उकाडा वाढतो. बाहेरची हवा कोरडी असते तोवरच कूलर खरा चालतो. मृग लागून हवेत ओल आली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. कूलर बंद करून ठेवताना तर हे हमखास करा. झोपेचा विषय सोडून बोलतोय, पण पावसाळ्यात वॉर्ड भरलेले पाहिले की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्लॅबचं काय करायचं? गच्चीवर मार्चमध्येच चुन्याचे दोन हात किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. पांढरी गच्ची ऊन परत फेकते. हिरवी नेट बांधत असाल तर स्लॅबपासून पाच-सहा फूट उंच बांधा, म्हणजे मधून हवा खेळते. पाण्याची सोय असेल तर सूर्य मावळल्यावर गच्ची शिंपडा. खालच्या मजल्यावर एखादी खोली असेल तर दीड-दोन महिने पलंग सरळ तिथे न्या. यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. एसी असेल तर 26-27 वर ठेवून सोबत पंखा लावा. बाहेरच्या लेखांत 18 अंश वाचून तितका खाली न्यायची गरज नाही. आपलं शरीर इथल्या हवेला सरावलेलं असतं आणि पंख्याच्या वाऱ्यात 26 ला छान झोप लागते. आणि खोलीतली हवा चाळिशीच्या घरात असेल तर कोरड्या अंगावर नुसता पंखा घेऊन उपयोग नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी सुती कापड ओलं करून हात-पाय पुसा किंवा ओला पंचा अंगावर घ्या आणि मग पंखा लावा.

आंघोळ झोपेच्या तास-दीड तास आधी करा, आणि पाणी कोमट असू द्या. नागपुरात मेमध्ये टाकीचं पाणी संध्याकाळी तापलेलंच येतं, त्याबद्दल आपण कुरकुर करतो, पण झोपेसाठी ते सोयीचं आहे. कोमट पाण्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि नंतरच्या तासाभरात अंग आतून निवतं. फ्रिजचं बर्फगार पाणी अंगावर घेतलं की त्या आकसतात. दोन मिनिटं बरं वाटतं, मग परत उकडतं.

आता गोळी. अल्प्राझोलाम हे शेड्यूल एच-वन मधलं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, ओळख असली तरी. हे मी कायद्याचा बाऊ करायला सांगत नाही. हे औषध काही आठवड्यांत सवय लावतं. आधी एका गोळीनं जे व्हायचं त्याला नंतर दोन लागतात. न घेतलेल्या रात्री झोप पूर्वीपेक्षा वाईट होते आणि माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही. ती वाईट रात्र बरेचदा गोळी न मिळाल्यामुळेच आलेली असते. त्याचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण 11 तास लागतात, म्हणून सकाळी डोकं जड राहतं. वय वाढेल तसं रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. दारू किंवा अंगदुखीच्या काही तीव्र गोळ्यांबरोबर तर ते श्वासावर उठू शकतं.

पण हे वाचून उद्याच गोळी फेकून देऊ नका. रोज आणि बरेच महिने घेणाऱ्याने ती एकदम बंद केली तर घाबरं होणं, हात थरथरणं, क्वचित फिटही येऊ शकते. तुम्ही अधूनमधून घेता, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे, तरी मात्रा आणि वार लिहून डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून हळूहळू कमी करण्याचा तक्ता घ्या. वर सांगितलेला साडेपाच तासांचा प्रयोग सोबत चालू असेल तर गोळी सुटणं पुष्कळ हलकं जातं. मेलाटोनिनच्या, म्हणजे शरीराला रात्र झाल्याची खूण देणाऱ्या द्रव्याच्या, गोड गोळ्या सध्या सगळीकडे मिळतात. प्रवासात घड्याळ बदललं तर त्यांचा उपयोग आहे, तुमच्यासारख्या निद्रानाशात फारसा नाही.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल: ते हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. एकूण झोप किती, हे साधारण बरोबर सांगतं. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, हे ठरवायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात, त्या मनगटावर मिळत नाहीत. त्या 40 मिनिटांच्या आकड्यावरून स्वतःला आजारी ठरवू नका. महिनाभर रात्री ते काढून कपाटात ठेवा.

खाण्यापिण्याबद्दल फार गूढ काही नाही. झोप आणणारा असा एकही पदार्थ नाही जो वरच्या गोष्टी बिघडलेल्या असताना काम करील. रात्रीचं जेवण आठपर्यंत आटपा. सावजीचा रस्सा आपल्या सगळ्यांचा जीव की प्राण, पण रात्री दहाला सावजी आणि साडेदहाला आडवं, याचा शेवट छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येण्यात होतो, आणि ती जळजळ झोप मोडते. सावजी दुपारी खा. रात्री ज्वारीची भाकर, वरण, भाजी, ताक, आंबील, असं हलकं. दिवसभर पाणी, पन्हं, ताक घोटाघोटानं चालू ठेवा, म्हणजे रात्री तहानेनं तांब्याभर पाणी एकदम पिऊन दोनदा उठावं लागत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी पन्ह्या-ताकात मीठ बेतानं घालावं, आणि लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊच नये, शरीर कोरडं पडलं की दुखण्याचा झटका येऊ शकतो.

चहाची वेळ मात्र गंभीरपणे घ्या. कॅफिन त्या अ‍ॅडिनोसिनच्याच जागा अडवून बसतं, म्हणजे झोपेची भूक असते पण मेंदूला कळत नाही. घेतलेल्यापैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला सात. सहा वाजता घेतलेल्या चहातलं बरंचसं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद ठेवून दोन आठवडे बघा. आणि घरात कुणी खर्रा खात असेल, नागपुरात हे विचारल्याशिवाय मी पुढे जातच नाही, तर त्यातला तंबाखू आणि सुपारी दोन्ही मेंदूला चेतवतात. रात्री जेवणानंतरची ती शेवटची चिमूट झोप पळवते. तोंडाच्या कॅन्सरमुळे जबडा उघडेनासा झालेली चाळिशीच्या आतली माणसं या शहरातला प्रत्येक डॉक्टर पाहतो. खर्रा सोडायला झोप हे कारण पुरत असेल तर त्याच कारणासाठी सोडा, पण सोडा.

वजन वाढलं याचं नवल वाटू देऊ नका. 2004 मध्ये निरोगी तरुणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिल्यावर पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. म्हणजे शाळेतून आल्यावर फरसाणाच्या डब्याकडे हात जातो तो तुमच्या मनाच्या दुबळेपणामुळे नाही. आधी झोप सुधारू द्या, डाएट महिनाभरानं बघू. चालणं मात्र आताच सुरू करा, पहाटे उठणं ठरलंच आहे तर. अंबाझरी तुमच्यापासून लांब नाही. सहाच्या आत निघायचं, सातच्या आत घरी. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं हे जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप आहे. तुम्ही दहा-पंधरा मिनिटांपासून सुरू करा, उन्हाळी हवेला शरीर सरावायला एक-दोन आठवडे लागतात. सोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड. चाळिशीनंतर स्नायू झिजतात आणि त्याकडे बायकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं.

काही तपासण्या मात्र टाळू नका. वय 48 आहे. पाळी अनियमित झाली असेल आणि रात्री अचानक छाती-मानेतून गरम लाट येऊन घामानं जाग येत असेल, तर ते उन्हामुळे नसून पाळी जाण्याच्या काळातलं असू शकतं. जानेवारीतही तसं होत होतं का, हे आठवून बघा. तुम्हाला त्रास दोन वर्षांपासून आहे, म्हणून हे मी मुद्दाम विचारतो. त्यावर चांगले उपचार आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, सोसत बसू नका. संध्याकाळी आडवं झाल्यावर पायात काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि शरीरातला लोहाचा साठा कमी असणं हे या वळवळीचं मोठं कारण आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. थायरॉइड, साखर, बी-बारा हेही त्याच रक्तात होऊन जाईल. आणि पहाटे जाग आल्यावर मन उदास, कशातच रस नाही, रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते न लाजता सांगा. पहाटेची जाग हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे आणि ते बरं होतं.

शेवटी तुमच्या यजमानांबद्दल. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, मला तीच ओळ सगळ्यात जास्त काळजीची वाटते. आज-उद्याच्या रात्री जाग आली की त्यांच्याकडे लक्ष द्या. घोरणं चालू असताना मध्येच दहा-वीस सेकंद सगळं शांत होतं का, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून श्वास परत सुरू होतो का? तसं असेल तर झोपेत त्यांचा घसा आतून मिटतो आहे, रक्तातला प्राणवायू खाली जातो आहे आणि हृदयावर रात्रभर ताण येतो आहे. रक्तदाबाची औषधं घेऊनही बीपी आटोक्यात नसणं, सकाळी डोकं दुखणं, बसल्या जागी डुलकी, गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरहून जास्त, यातलं काही असेल तर शंका आणखी पक्की होते. या आजारात वजन पुष्कळ जास्तच असावं लागतं असं नाही. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 25 झालं की लठ्ठपणा धरतात. तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात, ती आता घरच्या घरीही करता येते, छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ लिहून देतात. आजार निघाला तर नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन मिळतं. ही युक्ती 1981 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी काढली आणि आजही तिच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. तोपर्यंत त्यांनी कुशीवर झोपावं, रात्री दारू घेत असतील तर पूर्ण थांबवावी, आणि तुमची झोपेची गोळी त्यांना चुकूनही देऊ नये, घसा त्यानं आणखी ढिला पडतो.

रात्रपाळी संपवून वर्धा रोडनं सकाळी बाइकवर घरी येत असतील तर त्यांना कंपनीच्या बसनं यायला सांगा. झोपेत श्वास अडणारा माणूस आणि त्यात रात्रपाळी, अशा वेळी हँडलवर डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात. त्यांची तपासणी या महिन्यातच करून घ्या, तुमच्या रक्ताच्या तपासण्या आठ दिवस मागे राहिल्या तरी चालेल.